मोजणीदाराचा निरोप

“डोळ्याला विचारू नका. डोळा मालकाच्या बाजूनं बोलतो.”

असं म्हणून ते शर्टाच्या खिशातून टेप काढत. तुम्ही-आम्ही त्या खिशात पेन ठेवतो, पुढारी लोक अर्धा बाहेर डोकावेल असा मोबाईल ठेवतात. यांच्या खिशात पिवळ्या डबीतला पोलादी टेप असे. खिसा त्या वजनानं कायमचा खाली ओघळलेला. एखाद्यानं “इथून तिथं वीसेक फूट असंल” म्हटलं की ते वाद घालत नसत. टेपचं एक टोक त्याच माणसाच्या हातात देत आणि दुसरं घेऊन चालू लागत. खोटं ठरण्याचं काम माणसाकडूनच करून घ्यायची ही पद्धत मी दुसऱ्या कुणाकडं पाहिली नाही.

ते भूमी अभिलेखात मोजणीदार होते. शेताचे बांध, घराच्या हद्दी, रस्त्यात कुणाचा ओटा आला, हे मोजून नकाशावर आणायचं आणि सही करायची. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर अजून दोन-चार अर्ज पडतील. अर्जांचं काय, ते पुढं येईलच.

मी इथल्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. त्यांचं घर आमच्याच गल्लीत, पण ओळख झाली ती कोनशिलेमुळं. वाचनालयाच्या दाराशी संगमरवरी कोनशिला आहे. तिच्यावर आठ मान्यवरांची नावं आहेत, त्यांपैकी एकानंही नंतर पुस्तक नेलेलं नाही. एका संध्याकाळी ते पायरीवर थांबले, टेप काढला, दोन्ही बाजूंनी मोजलं आणि आत येऊन मला म्हणाले, “डावीकडं पाऊण इंच खाली आहे.”

मी म्हणालो, “त्या बाजूला नावं जास्त आहेत.”

ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सभासद झाले.

त्यांना गोष्टी, कादंबऱ्या यांत रस नव्हता. त्यांना नकाशे हवे असत. आमच्याकडं मोठ्या आकाराचा एकच अॅटलास, फार जुना. त्यात सोव्हिएत रशिया अजून शाबूत आहे. ते म्हणाले, हा देश आता राहिला नाही. मी सांगितलं, आमच्याकडं आहे, पुढचं अनुदान येईपर्यंत राहील. मग ते रोज सहानंतर येऊन त्या जुन्या जगावर वाकून बसत. शहरं पाहत नसत, डोंगर-नद्या पाहत नसत. देशादेशांमधल्या रेघा पाहत. बोट ठेवून रेघेवरून चालत जात आणि मधेच थांबून वहीत काहीतरी टिपून घेत.

ती वही मी एकदा मागून पाहिली. माणसाला जगाबद्दल काय काय विचित्र माहिती असू शकते! आफ्रिकेत शेकडो मैल सरळ जाणारी हद्द. तिच्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, “जागेवर न जाता, टेबलावर पट्टी ठेवून आखलेली. निकृष्ट काम.” युरोपात एक गाव, तिथं दोन देशांची हद्द घराघरांतून जाते, चूल एका देशात, न्हाणी दुसऱ्या. मंगोलियात माणसं तंबू उंटावर लादून फिरतात, कुरणाला बांधच नाही. आणि इजिप्त व सुदान यांच्या मधे जमिनीचा एक तुकडा आहे, तो दोघांनाही नको आहे. दोन्ही शेजारी म्हणतात, आमचा नाही. या तुकड्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती.

हा तुकडा ते चहाच्या टपरीवर लोकांना ऐकवत. आमच्याकडं वीतभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात जातात, तिथं हे ऐकणाऱ्याचा कप तोंडाशीच थांबे.

“दोघंबी नको म्हणत्यात? कावून? पाणी न्हाई का तिथं?”

“नाही.”

“मग सातबारा कुणाच्या नावानं निघतो?”

“निघतच नाही.”

 शेवटी कुणीतरी म्हणे, काहीतरी भानगड असणार. आजवर जगातली अनेक आश्चर्यं आमच्या गावानं ऐकून सोडून दिली, पण या तुकड्यावर अजूनही अधूनमधून चर्चा होते.

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. कारण विचारलं तर सांगत, जग बघायला जायचंय. आमच्याकडं सरकारी नोकरी माणूस सोडतो ती तीन कारणांनी. एक तर तो लाच घेताना सापडलेला असतो, किंवा निवडणुकीला उभा राहणार असतो, किंवा डॉक्टरांनी काही सांगितलेलं असतं. गल्लीनं तिन्ही शक्यता तपासल्या. लाच ते घेत नसत. मोजणीला गेल्यावर पक्षकाराच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत, स्वतःची बाटली आणि वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दिलेला डबा सोबत असे. निवडणुकीचा प्रश्न नव्हता, कारण त्यांना चार माणसांत बोलता येत नसे. राहता राहिला आजार. महिनाभर लोक त्यांच्याशी फार हळू आवाजात बोलत. समोरचे किराणा दुकानदार आप्पा तर पेंडखजूर पाठवून देत.

मीही विचारलंच. ते म्हणाले, “सत्तावीस वर्षं लोकांना सांगितलं, तुमचं इथवर. आता माझं कुठवर ते बघतो.” एवढंच. मग टेपनं माझ्या टेबलाचा कर्ण मोजू लागले.

तयारी त्यांनी मोजणीच्या शिस्तीनं केली. मुलगी पुण्यात नोकरीला होती. तिकिटं, व्हिसा हे ती फोनवरून बघत होती. वहिनी बरोबर जाणार होत्या आणि त्यांची तयारी जास्त पक्की होती. त्यांनी दोन महिने आधी शेंगदाण्याची चटणी, धपाट्याचं पीठ, मेतकूट अशा पुड्या बांधल्या. विमानात किलोवर हिशेब असतो हे कळल्यावर स्वतःच्या दोन साड्या काढून ठेवल्या, चटणी नाही काढली. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदारानं, एवढ्या लांब कशाला चाललात, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की लग्नानंतर परळीला वैजनाथाला नेतो म्हणाले होते, तिथं न्यायला सहा वर्षं लागली; आता हे आपणहून नेतायत तर त्यांचा विचार बदलायच्या आत शिक्का मारा.

आमच्या एका पुढाऱ्याला बातमी लागली. चौकात फ्लेक्स लागला. “जगाला गवसणी घालण्यास निघालेले आपल्या तालुक्याचे सुपुत्र.” त्यावर विमान, आयफेल टॉवर, पिरॅमिड आणि एक धबधबा. पुढारी विमानाच्या आकाराचे, त्यांचे दोन भाऊ टॉवरच्या आकाराचे, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढे हे. यांनी खाली उभं राहून एवढंच विचारलं की विमानाचे दोन पंख सारखे का नाहीत.

खरा घोळ आप्पांमुळं झाला, आणि तोही चांगल्या मनानं.

आप्पांच्या घरात जुनी रीत आहे. पूर्वी काशीला जाणारा माणूस परत येईलच याची खात्री नसे. म्हणून निघण्याआधी तो घरोघर जाऊन हात जोडी. कळत-नकळत काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला, म्हणे. समोरचा म्हणे, काही नाही, सुखानं जा. आप्पांचे आजोबा असे सगळ्या पेठेत फिरले होते. आप्पांनी हे यांना सांगितलं आणि म्हणाले, “तुमी तर काशीच्याबी पुढं निघालात. निरोप घेऊन जावा. मन हलकं होतं.”

आता हीच गोष्ट तुम्ही किंवा मी केली असती तर गल्लीतली दहा घरं फिरून, दहा ठिकाणी चहा घेऊन संध्याकाळी परत आलो असतो. पण त्यांना काम अर्धवट करता येत नसे. त्यांनी विचार केला की आपण ज्यांच्या आयुष्यात लुडबूड केली ते लोक गल्लीत नाहीत, गावोगाव आहेत. घरी खोक्यात त्यांच्या जुन्या डायऱ्या होत्या, प्रत्येक मोजणीची नोंद असलेल्या. त्यांवरून त्यांनी गावं काढली, माणसं काढली, आणि दर रविवारी मोटरसायकलला किक मारून एकेका बाजूला जाऊ लागले. शेतकऱ्याच्या अंगणात उभं राहायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा.

शिक्षकानं असं म्हणावं, पोस्टमननं म्हणावं. मोजणीदारानं म्हणू नये, हे सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतरही त्यांच्या लक्षात आलं नाही. पहिल्याच गावात एका म्हाताऱ्यानं पूर्ण ऐकून घेतलं, टोपी काढून परत घातली आणि विचारलं,

“किती?”

“काय किती?”

“चुकलं म्हणता न्हवं? किती फूट?”

त्यांनी समजावून सांगितलं की तसं नाही, ही म्हणायची रीत आहे. म्हातारा म्हणाला, रीत ठीक हाय, पण आकडा सांगा. पुढच्या गावात दोन भाऊ होते. त्यांच्यात यांच्याच मोजणीनंतर समेट झाला होता. हे निघून गेल्यावर दोघांनी एकमेकांकडं पाहिलं म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनीही वेगवेगळा अर्ज केला. चार रविवारांत पाटोद्याच्या बाजारापासून माजलगावच्या उसापर्यंत बातमी पोचली की मोजणीवाले साहेब जाता-जाता कबूल करायलेत. ज्यांची मोजणी त्यांनी केलीच नव्हती असेही काही लोक, आमच्याकडं कधी येणार, म्हणून विचारू लागले.

फेरमोजणीच्या अर्जांचा गठ्ठा झाला. नंतर, फी भरावी लागते हे कळल्यावर निम्म्या लोकांचा त्यांच्यावर पुन्हा विश्वास बसला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यांच्या ऑफिसच्या प्रमुख एक तरुण बाई होत्या. कामाला चोख आणि मनानं वाईट नाहीत. त्यांनी यांना बोलावून सांगितलं की माफी मागण्याचा विहित नमुना शासनात नाही, तेव्हा तुम्ही ती मागू नका. तक्रारी असताना निवृत्ती मंजूर करता येत नाही. मात्र एक वाट आहे. तुम्ही लेखी द्या की सेवाकाळात केलेल्या माझ्या सगळ्या मोजण्या अभिलेखाप्रमाणे बरोबर आहेत आणि मी जे बोललो ते केवळ निरोपादाखल होतं. हे दिलंत की अर्ज निकाली काढते, फाईल पुढं पाठवते, तुमचं विमान तुम्हाला मिळेल. विमानाला तेव्हा पाच आठवडे होते.

त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि संध्याकाळी वाचनालयात आले. नेहमीसारखा अॅटलास मागितला नाही. तो कागद माझ्यासमोर ठेवला. मी वाचला आणि म्हणालो, चांगला आहे, शुद्धलेखनाची एकच चूक आहे, सही करा.

“सगळ्या, असं लिहिलंय,” ते म्हणाले.

“मग?”

“एक सोडून सगळ्या.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो, कारण ते फार थांबत-थांबत बोलले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावात ते बांधाची मोजणी करायला गेले होते. अर्जदार तिथले त्या वेळचे सरपंच. शेजारची दोन एकर एका ऊसतोड करणाऱ्या माणसाची. आमच्याकडं मोजणी होते ती दिवाळीनंतर, रानं मोकळी झाल्यावर. आणि नेमकी तेव्हाच अर्धी माणसं कोयते घेऊन कारखान्यांकडं गेलेली असतात. या माणसाच्या दाराला कुलूप होतं. कुलपावर नोटीस डकवली गेली. मोजणीच्या दिवशी हद्दीचा जुना दगड कुठं सापडेना. सरपंचांची माणसं म्हणाली, तो लिंबापाशी होता, लिंबाच्या बुडाला गेला असंल. ऊन होतं, सरपंचांच्या घरी मटण शिजत होतं, आणि बघणाऱ्याला लिंब अगदी रेघेत दिसत होता. यांनी लिंब धरून बांध कायम केला. शेजारच्यापुढं लिहिलं, नोटीस देऊनही गैरहजर. आणि जेवले.

दोन वर्षांनी पलीकडच्या रानाची मोजणी निघाली तेव्हा आकडे जुळेनात. त्यांनी एकट्यानं फिरून पाहिलं. दगडाची खरी जागा लिंबापासून अकरा पावलं आत, सरपंचांच्या रानात येत होती. ऊसतोडवाल्याची बारा-तेरा गुंठे जमीन कागदानं पलीकडं टाकली होती. नोकरी नवी, नकाशावर सही झालेली. ते गप्प राहिले. टेप खिशात आला तो त्यानंतर, आणि पक्षकाराकडचं पाणी सुटलं तेही.

“निरोपाच्या फेरीत त्या गावाला गेलात का?” मी विचारलं.

“नाही.”

मी तुमच्याशी खोटं कशाला बोलू. मी त्यांना सही करा म्हणालो. एकदा नाही, तीनदा म्हणालो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा बांध. तो माणूस विसरला असेल, नसेलही आता. अकरा पावलांसाठी आख्खं जग सोडता का? शिकलेला माणूस असं काहीबाही फार सहज बोलतो. त्यांनी मला विचारलं की तुमच्याकडं एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात गेलेलं दिसलं तर तुम्ही काय करता. उत्तर त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं, पण मी खरं तेच सांगितलं. बहुतेक वेळा तिथंच राहू देतो. 

निकाल लावला वहिनींनी. त्यांच्या घरी मी गेलो तेव्हा चटणीच्या पुड्यांवर त्या देशांची नावं लिहीत बसल्या होत्या. यांनी सगळं सांगितलं. बाईंच्या कागदाबद्दल, विमानाबद्दल, आणि खरं लिहून दिलं तर चौकशी लागेल, ती किती चालेल सांगता येत नाही, याबद्दलही. त्यांनी ऐकलं आणि विचारलं की त्या माणसाचं वय काय असेल. सत्तरीच्या पुढं, हे म्हणाले.

“पासपोर्ट धा वर्षं चालतो म्हणत्यात,” वहिनी म्हणाल्या. “ते चालतील का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गावाला गेलो. मी मागं बसलो होतो. मी का गेलो? कुतूहल, दुसरं काय. दुपारची वेळ होती. म्हातारे गृहस्थ, गावात सगळे त्यांना तात्या म्हणत, सीताफळाच्या झाडाखाली दावं वळत बसले होते. यांनी हात जोडले. पण या वेळी रीतीचं वाक्य म्हटलं नाही.

“तात्या, चुकलं. अकरा पावलं. तुमच्या बाजूची.”

तात्यांनी दावं खाली ठेवलं नाही. वळता-वळताच म्हणाले, “म्हाईत हाय की. त्या दगडावर बसून आमी ल्हानपणी पाखरं राखली. तोडणीवरून आलो, बघितलं, कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुनाला बोलू? तुमालाच बोलायचं हुतं. तीनदा फाट्यावर हुभा ऱ्हायलो. तुमी पलीकडच्या रस्त्यानं जायाचात.”

आजवरच्या ओळखीत मी त्यांच्या चेहऱ्याकडं एवढं नीट कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं आणि लगेच दुसरीकडं, सीताफळाच्या पानांकडं पाहू लागलो. त्यांनी माफी मागितली. तात्या म्हणाले, “माफीचं बघू म्होरं. आधी मोजून द्या.”

मला वाटत होतं, खरं सांगतो, की म्हातारा मोठ्या मनानं म्हणेल, जाऊ द्या साहेब, सुखानं जा, आणि आम्ही डोळे पुसत परत येऊ. पुस्तकं वाचून अशी खोड लागते. तात्यांनी दावं पुरं केलं, घरातून पिशवी आणली आणि तिच्यातून जमिनीचे कागद काढून त्यांच्यासमोर ठेवले. अर्ज यांनीच लिहून दिला. तात्यांनी अंगठ्याला शाई लावली.

ऑफिसात यांनी आपला कागद दिला. त्यात बाईंनी सांगितलेलं वाक्य होतंच, फक्त ‘सगळ्या’च्या आधी ‘एक सोडून’ होतं आणि खाली त्या एका मोजणीचा तपशील. बाईंनी तो वाचून चष्मा काढून ठेवला म्हणतात. चौकशी लागली. निवृत्ती थांबली. विमान ठरल्या दिवशी यांना न घेता उडालं. चौकातला फ्लेक्स पुढाऱ्याच्या माणसांनी उतरवला आणि त्याच चौकटीवर वाढदिवसाचा लावला. टपरीवर नवी मतं तयार झाली. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणालं, बायकोनं अडवलं. खरं कारण सांगितलं तर लोकांना पटत नसे. कुणी विचारलेलं नसताना सरकारी माणूस चूक लिहून देतो, हे त्या इजिप्तच्या तुकड्याइतकंच भानगडीचं वाटे.

फेरमोजणीला बाई स्वतः आल्या. आता यंत्र उपग्रहावरून बोलतं. एक मुलगी काठीवर ते यंत्र धरून चालते आणि बिंदू सापडला की ते वाजतं. हे बाजूला उभे होते, मोजणीत त्यांना हात लावायचा नव्हता. सरपंच वारले होते. त्यांचा मुलगा आला होता. यंत्र वाजलं तिथं गड्यांनी हातभर खणलं आणि पहारीला दगड लागला. वरची टाकीनं कोरलेली खूण अजून स्पष्ट होती.

सरपंचांचा मुलगा म्हणाला, “एवढी वर्षं त्या जमिनीत मी खत घातलं, त्याचं काय?”

तात्या म्हणाले, “पीकबी तूच खाल्लंस की, बाबा.”

यावर बाईसुद्धा हसल्या. मुलगा धुमसत होता, पण दगड समोर होता. पंचनामा झाला, सह्या झाल्या. बाई निघाल्या. हे आपली बाटली आणि डबा घेऊन लिंबाखाली बसायला चालले तेव्हा तात्यांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, कागद झाला न्हवं? मग आता तुमी सायेब न्हाई, पाव्हणे. घरी चुलीवर भाकरी होती, ठेचा होता, पातळ वरण होतं. हे जेवले. तांब्या उचलून वरून पाणी प्यायले. बराच वेळ पीत होते.

माफीचं तात्यांनी पुढं कधी काढलं नाही.

चौकशी दीड वर्ष चालली. शेवटी ताकीद मिळाली आणि एक वेतनवाढ गेली. मग निवृत्ती मंजूर झाली. या दीड वर्षात ते रोज ऑफिसला जात होते आणि सहानंतर अॅटलासवर बसत होते. मधल्या काळात वहिनींनी चटणी तीनदा ताजी केली.

निघाले तेव्हा फ्लेक्स नव्हता, घरोघर फिरणं नव्हतं. आप्पांनी पुन्हा पेंडखजूर दिला. मी बसस्टँडवर गेलो होतो. त्यांनी एसटीच्या डिकीची उंची मोजली आणि बॅग आडवी घातली. मी काहीतरी समारंभी बोलायच्या बेतात होतो. वहिनी म्हणाल्या, भावजी, गाडी सुटेल, तेव्हा मी थांबलो.

आता सहा महिने झाले. कधीमधी वहिनींच्या फोनवरून मला दोन ओळी येतात. त्या घराघरांतून हद्द जाणाऱ्या गावात ते चार दिवस राहिले. लिहिलं होतं की इथं घराचं दार ज्या देशात, त्या देशाचं घर. एका आजीबाईनं म्हणे हद्द सरकली तेव्हा दारच सरकवलं होतं. यावर आपल्याकडच्या लोकांना काय वाटतं ते विचारून कळवा. मी टपरीवर विचारलं. बहुमत आजीबाईच्या बाजूनं पडलं. कुणालाच नको असलेल्या तुकड्यात मात्र जाता येत नाही असं त्यांना कळलं आहे. तिथं पोचायलाही कुणाची तरी परवानगी लागते.

त्यांच्या जागी नवा मुलगा आलाय. हुशार आहे, यंत्र सराईतपणे चालवतो. पण कुठंही गेला तरी मोजणी संपल्यावर लोक त्याला बसवून घेतात आणि म्हणतात, सायेब, काय चुकलं असंल तर आत्ताच सांगा, परदेशाला निघताना नको. त्याला हे काय आहे ते कळत नाही. मी समजावून सांगायचं ठरवलंय, पण त्याला वाचनाची आवड नाही.

परवा मी त्या गावाला गेलो होतो. तात्यांनी या वर्षी तोडणीला जायचं बंद केलंय; गुडघे धरतात. मिळालेल्या पट्टीत त्यांनी ज्वारी पेरली होती, ती मांडीएवढी झाली होती. दगडाला ऑफिसनं चुना लावला आहे, तो पिकात पांढरा दिसतो. मी लिंबाला पाठ लावून उभा राहिलो आणि ज्वारीच्या कडेकडेनं दगडापर्यंत चालत गेलो. चौदा पावलं भरली. वाटलं, मोजण्यात चुकलो. परत आलो, परत गेलो. चौदाच.

तात्या बांधावर बसून बघत होते. म्हणाले, “तुमची आखूड पडत्यात. सायेब लांब टाकायचे.”

मी पुन्हा लिंबापाशी गेलो. धोतर असतं तर खोचलं असतं, पँट होती, ती जरा वर घेतली, आणि जितकी लांब पडतील तितकी पावलं टाकत निघालो.

तेरा भरली.